पाण्याचा वकील

तिवीच्या पुलाखाली गाडी लावली तेव्हा
पहाटेचे पाच. पाठीमागे समुद्र.
सजीशनं पुट्टूचा डबा उघडला आणि तिथंच ठरवलं
की आपला गुडघा दुखतोय.
मग मी एकटाच.

खडकावर कुणीतरी रंगवलेत तीन पट्टे :
पिवळा, पांढरा, तांबडा.
पट्टा दिसला म्हणजे वाट आहे.
नाही दिसला तर शेवटच्या पट्ट्याशी परत यायचं
आणि नीट बघायचं.
एवढाच नियम.

वाडी म्हणजे माणसं, आमच्याकडे.
इथली वादी म्हणजे दगडातली कोरडी भेग,
असं मी अकरा वर्षं धरून चाललो होतो,
सूरच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे
यंत्राखाली फोडत.
मग चौथ्या वळणावर केळी निघाली.
केळी, लिंबू, खजूर, एकावर एक ताली,
आणि भर ओढ्यात कण्हेर,
घरच्यासारखी, फुलांनी ओझावलेली.
बोर होती. बोराखाली शेळ्याही होत्या.
मी शेळ्यांशी मराठीत बोललो. कुणी नव्हतं ऐकायला.

होतं. तालीवर एक म्हातारा बसलेला,
समोर जमिनीत रोवलेली काठी
आणि सावलीच्या वाटेवर मांडलेले दगड.
मनगटात घड्याळ होतं, पण बघत होता सावलीकडे.
कॉफी दिली, तीन खजूर दिले,
मग नाव : नासर बिन खल्फान.
मग धंदा : वकील.

मी दचकलोच जरा.
माझ्या ओळखीचा वकील जुन्नरला असतो,
पिंपळाखाली, टाइपरायटरच्या टेबलाशेजारी,
आणि त्याच्या फायलीत आमची विहीर :
आठ आणे आमचे, आठ आणे चुलत्यांचे,
पाणीपाळीवरून सुरू झालेला दावा,
ज्यात भानुदासनं माझ्या पंपाची वायर तोडली
आणि मी त्याच्या लग्नाला गेलो नाही.
आता त्याची मुलगी कॉलेजात आहे म्हणे.

नासर हसला. त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी.
मी पाण्याचा वकील, म्हणाला.
सावली या दगडापासून त्या दगडापर्यंत : अर्धा तास.
अर्धा तास विकता येतो, भाड्यानं देता येतो,
मरताना मुलीला देता येतो.
मशिदीचाही अर्धा तास आहे.
रात्री? रात्री तारे बघायचो. आता हे, आणि मनगट पुढे केलं.

भांडणं होत नाहीत?
होतात की. काल झालं.
तो बघ, निळ्या बनियनवाला, मला गाढव म्हणाला.
आत्ता त्याचंच पाणी चालू आहे.

मग सावली दगडाला टेकली.
तो उठला, वाकला, पाटाच्या तोंडातला
चिंध्यांचा बोळा उपसून दुसऱ्या तोंडात कोंबला.
पाणी क्षणभर थबकलं, मग वळलं.
दारं मोडताना माझे वडीलही असेच वाकायचे,
एक हात कमरेवर.
निळ्या बनियनवाल्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

मीबामला दोर धरून उतरावं लागतं.
दोर ओला, माझे बूट चुकीचे,
दोनदा बसलो, एकदा शिवी दिली.
खाली धबधबा : फार उंच नाही,
चुन्याच्या पडद्यावरून सात-आठ धारा,
शेवाळाच्या दाढ्या, लाल चतुर.
इथं काठी नाही, दगड मांडलेले नाहीत.
पाणी येतंय, पडतंय, आणि खाली
कुणाचा अर्धा तास होणार आहे, याचा त्याला पत्ता नाही.
मी गुडघाभर उभा राहिलो.
मासे पायाची मेलेली कातडी खात होते,
अगदी हळू, हिशेबानं.

तिथंच उभ्यानं लिहिलं :
‘भानुदास, विहिरीत पाणी किती आहे?’
दरीत रेंज नसते.
एक करडी खूण, दिवसभर.

पुलाखाली सजीश झोपलेला, डबा रिकामा,
गुडघा बरा.
गाडी हमरस्त्याला लागली आणि फोन थरथरला.
‘साडेतीन परस.’

मग कितीतरी वेळ तो टाइप करत होता.
मग थांबला.
सूरचे दिवे दिसायला लागले.